स्थूलतेवरील औषधे

स्थूलतेवरील औषधे ही अतिरिक्त वजन कमी करण्यासाठी आहारनियमन व व्यायामाच्या जोडीने दिली जाणारी औषधे होत. ऑर्लिस्टॅट, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही भारतात उपलब्ध असलेली प्रमुख औषधे आहेत.

पात्रता

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) मिळतो. जगभर ३० पासून स्थूलता मानली जाते; भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ही मर्यादा २५ ठरवली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड ही औषधे वजन घटवण्यासाठी ३० किंवा त्याहून अधिक बीएमआय असल्यास, अथवा मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखी सहव्याधी असताना तो २७ किंवा अधिक असल्यास दिली जातात.

कार्यपद्धती व परिणाम

ऑर्लिस्टॅट आतड्यातील लायपेज या विकराला रोखते. त्यामुळे आहारातील सुमारे ३० टक्के स्निग्धांश न पचता बाहेर पडतो. सेमाग्लुटाइड हे जीएलपी-१ या संप्रेरकाप्रमाणे काम करते. भूक मंदावते व जठर सावकाश रिकामे होते. टिर्झेपटाइड जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही कार्य करते. वजनासाठी ही दोन्ही औषधे भारतात २०२५ पासून आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या इंजेक्शनच्या रूपात मिळू लागली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडमुळे ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले. औषध थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत वाढले.

दुष्परिणाम

ऑर्लिस्टॅटमुळे तेलकट शौच होते आणि अ, ड, ई व के जीवनसत्त्वांचे शोषण घटते. इंजेक्शनांमुळे मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता, तर क्वचित पित्ताशयातील खडे व स्वादुपिंडदाह होतो. चरबीबरोबर स्नायूही घटतात. म्हणून प्रथिनयुक्त आहार व स्नायूंना बळ देणारा व्यायाम आवश्यक असतो. गर्भावस्थेत, तसेच स्वतःला वा कुटुंबात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग झालेला असल्यास ही इंजेक्शने वर्ज्य आहेत.

नियमन

पूर्वीची काही औषधे घातक ठरली. हृदयाच्या झडपांना इजा होत असल्याने फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये अमेरिकेतील बाजारातून मागे घेण्यात आले. भारतात रिमोनाबँटवर नैराश्याच्या धोक्यामुळे २००९ मध्ये, तर सिब्युट्रामिनवर हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०११ मध्ये बंदी आली. सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. महाराष्ट्रात औषधविक्रीवर अन्न व औषध प्रशासनाचे नियंत्रण असते.