कटी, कंबर आणि ‘गॅप’ : पाठदुखीच्या मराठी नामांचा व उपचारांचा इतिहास

माहूरचा गड चढून रेणुकेच्या दर्शनास जाणारा वृद्ध यात्रेकरू, पायथ्याच्या रानात दिवसभर ओणवी होऊन कापूस वेचणारी स्त्री आणि डोक्यावरून सरपणाची मोळी आणणारा मजूर या तिघांची तक्रार सायंकाळी एकाच वाक्यात सांगितली जाते : ‘कंबर दुखते.’ वाक्य एक असले तरी तिघांचे दुखणे एक असेलच असे नाही. एकाचे मणके झिजलेले असतील, दुसरीच्या दुखण्याचे मूळ पाठीत नसून ओटीपोटात असेल, तिसऱ्याचा स्नायू केवळ लचकला असेल. उपचार अर्थातच तीन प्रकारचे हवेत. दुखण्याचे प्रकार ओळखण्याचा हा प्रश्न वैद्यकाचा खरा; परंतु रोगी वैद्याकडे प्रथम घेऊन येतो तो शब्द. त्या शब्दाने कोणते कारण गृहीत धरले आहे आणि कोणता उपचार सुचविला आहे, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

अशा विवेचनास माहूरचा परिसर सोयीचा आहे, कारण तेथे भाषांचे अनेक थर एकावर एक बसले आहेत. यादवांच्या राज्यानंतर हा प्रदेश बहामनी सत्तेखाली आला. अकबराच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’त माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. पुढे १९४८ पर्यंत तेथे निजामाचा अंमल होता. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. माहूर-किनवटच्या डोंगराळ भागात मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू या भाषा नांदतात. तेव्हा संस्कृत, फारसी आणि इंग्रजी या तिन्ही परंपरांचे वैद्यक या एकाच भूमीवर आपापल्या परिभाषेसह उतरले, असे म्हणता येते.

यांतील सर्वांत जुना थर आयुर्वेदाचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे ऐंशी विकार सांगितले आहेत. त्यांत त्रिकग्रह, पृष्ठग्रह आणि गृध्रसी ही नावे निरनिराळी आहेत. म्हणजे माकडहाडाजवळचा भाग धरणे, पाठ धरणे आणि कुल्ल्यापासून पायापर्यंत उतरणारी कळ हे तीन विकार त्या वैद्यांच्या दृष्टीने भिन्न होते. गृध्रसीची वेदना कुल्ल्यापासून निघून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशा क्रमाने जाते, हे चरकाच्या चिकित्सास्थानात सांगितले आहे. सुश्रुताने तिचे दुसरे लक्षण दिले : त्या रोग्यास पाय वर उचलता येत नाही. उताण्या निजलेल्या रोग्याचा सरळ पाय उचलून पाहण्याची आजची परीक्षा फ्रेंच वैद्य लासेग याच्या नावाने ओळखली जाते आणि तिचे वर्णन त्याचा शिष्य फोर्स्ट याने १८८१ साली केले. दोहोंची उपपत्ती अगदी वेगळी आहे; निरीक्षण मात्र एकाच हालचालीवर टेकलेले आहे.

वात कशाने कोपतो, याचे चरकाने दिलेले उत्तरही लक्षात घेण्यासारखे आहे. अतिश्रम, विषम शय्या व आसन, हत्ती-उंट-घोड्यासारख्या वाहनांवरून पडणे ही कारणे त्यात येतात. आधुनिक वाचकास त्यांत श्रमाचे आणि आघाताचे कारण सहज ओळखू येईल. उपचारात स्नेहन, स्वेदन व बस्ती, तर गृध्रसीत शिरावेध आणि अग्निकर्मही सांगितले आहे. यादवकाळी या परंपरेचे अध्ययन महाराष्ट्रात चांगले चालू होते. हेमाद्रीने ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, आणि त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव तर ‘मुग्धबोध’ या व्याकरणाचा कर्ता असून वैद्यकावरही ग्रंथरचना करणारा होता. शब्दांची चिकित्सा आणि शरीराची चिकित्सा एकाच पंडिताने करावी, यात त्या काळी कोणास विसंगती वाटत नव्हती.

शास्त्राची ही नामे लोकभाषेत जशीच्या तशी उतरली नाहीत. पण त्यांची रचना उतरली. मराठीत पाठ किंवा कंबर ‘धरते’. संस्कृतातील ‘ग्रह’ या धातुसाधिताचा अर्थ धरणे हाच असल्याने ‘पृष्ठग्रह’ आणि ‘पाठ धरली’ हे अर्थदृष्ट्या एकच होत. उसण, लचक आणि चमक मात्र ‘भरते’. या दोन क्रियापदांतील भेद बारीक आहे. जे धरते ते काही काळ सोडत नाही. जे भरते ते अकस्मात, बहुधा वाकताना वा ओझे उचलताना येते आणि थोड्या दिवसांत उतरते. याखेरीज पायात ‘कळ जाते’, ‘मुंग्या येतात’, अंग ‘बधिर होते’. निरक्षर माणसाच्या बोलीतील हे शब्द एकत्र मांडले तर स्नायूची लचक, दीर्घकाळचा ताठरपणा आणि मज्जातंतूची वेदना या तिन्हींची ओळख त्यांत स्पष्ट दिसते.

लोकोपचारही या नामांना अनुसरून होते. धरलेल्या कंबरेस तापविलेल्या विटेचा वा मिठाच्या पुरचुंडीचा शेक, निगडीचा पाला, एरंडाचे पान. हट्टी दुखण्यास डाग किंवा बिब्बा. उसण भरली असता पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मतः प्रथम पाय बाहेर आलेल्या माणसाचा, पाय पाठीला लावून घेण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. या उपायाने पुष्कळांस गुण आल्याचे सांगतात. त्याचे कारण उसणीच्या स्वभावात आहे : ती बहुधा आपोआपच उतरते. शेकाने आराम पडतो हे खरे. डाग आणि बिब्बा यांनी मात्र कातडीस जखम होते आणि आतील कारण तसेच राहते.

दुसरा थर फारसी-अरबीचा. खुद्द ‘कंबर’ हा शब्द फारसी ‘कमर’पासून आला आहे. आम्र-आंबा, ताम्र-तांबे या जोड्यांत ‘म’ आणि ‘र’ यांच्या सान्निध्यात जसा ‘ब’ उद्भवला, तशीच प्रवृत्ती ‘कमर’चे ‘कंबर’ होण्यात दिसते. ‘कमरेला’ हे रूप तिच्याशेजारी अद्याप टिकून आहे. जुना ‘कटी’ मात्र दैनंदिन बोलण्यातून मागे सरला आणि कडेवर घेतलेल्या मुलापुरता, लहानग्याच्या कडदोऱ्यापुरता उरला. तेलुगूत कंबरेस ‘नडुमु’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ मध्यभाग; संस्कृतातील ‘मध्य’ या शब्दासही कंबर हा अर्थ आहेच. यावरून असे दिसते की कंबर हे अवयवाचे नाव असण्यापेक्षा शरीराच्या एका पट्ट्याचे नाव आहे. पाठीचा कणा, मूत्रपिंडे, गर्भाशय, आतडी या साऱ्यांची वेदना त्या पट्ट्यात उमटते. शब्दाची ही व्याप्ती पुढील विवेचनास महत्त्वाची आहे.

निजामाच्या राज्यात युनानी वैद्यकास राजाश्रय होता. त्या वैद्यकात पायात उतरणाऱ्या कळेस ‘इर्कुन्नसा’ म्हणतात. ‘इर्क’ म्हणजे शीर. चरकाचा शिरावेध, हकिमाची फस्द आणि मराठीतील ‘शीर दबली’ हा वाक्प्रयोग या सर्वांत रक्तवाहिनी व मज्जातंतू यांचा भेद केलेला नाही. मराठी ‘शीर’ आजही दोहोंस चालते. रक्त काढण्यासाठी तुंबडी लावण्याचा उपचारही सर्वपरिचित होता. तो उपचार मागे पडला, पण दुसऱ्याच्या जिवावर आपली ‘तुंबडी भरणे’ हा वाक्प्रचार राहिला. उपचारकाविषयीचे रोग्याचे मत त्यात कायमचे नोंदले गेले आहे.

तिसरा थर पाश्चात्त्य वैद्यकाचा. इटालियन वैद्य कोतून्यो याने १७६४ साली सांध्याच्या दुखण्यापासून मज्जातंतूचे दुखणे वेगळे केले. पर्सिव्हल पॉट याने १७७९ साली पाठीस कुबड आणणाऱ्या मणक्यांच्या विकाराचे वर्णन केले. तो क्षयाचा विकार होय, हे पुढे स्पष्ट झाले. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यवैद्यांनी दोन मणक्यांमधील गादी सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो हे दाखविले, आणि गृध्रसीच्या एका मोठ्या वर्गाचे कारण प्रथमच हातात आले. तथापि या यशाचा एक परिणाम अनिष्ट झाला. प्रत्येक पाठदुखी गादीची मानली जाऊ लागली आणि अंथरुणास खिळून राहणे हा सार्वत्रिक उपचार ठरला. १९८६ साली डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना केली, तेव्हा अधिक विश्रांतीने अधिक गुण येत नाही असे आढळले. १९९४ साली पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींची चुंबकीय प्रतिमा घेण्यात आली. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींत किमान एक गादी फुगलेली निघाली. म्हणजे प्रतिमेत दिसणारा दोष हेच दुखण्याचे कारण, असे गृहीत धरता येत नाही.

मराठी बोलीत या कालखंडाचे चिन्ह म्हणजे ‘मणक्यात गॅप आली’ हे वाक्य. ‘मणका’ हा मण्यावरून झालेला शब्द. माळेतील दोन मण्यांत अंतर पडावे तशी कल्पना ‘गॅप’ या शब्दाने रोग्याच्या मनात उभी राहते. वस्तुस्थिती बहुधा उलटी असते : गादी झिजल्याने मणक्यांमधील अंतर कमी होते. चुकीच्या चित्राचा परिणाम वर्तनावर होतो. आपला कणा सुटा झाला आहे अशा समजुतीने माणूस वाकणे, चालणे, काम करणे सोडतो. स्नायू दुर्बळ होतात आणि दुखणे लांबते. ‘उसण भरली’ म्हणणारा रोगी ती उतरण्याची वाट पाहत असे. ‘गॅप आली’ म्हणणाऱ्यास वाट पाहण्यासारखे काही उरत नाही.

याहून गंभीर प्रश्न ‘कंबर’ या शब्दाच्या व्याप्तीचा आहे. ग्रामीण स्त्री अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार उघड सांगत नाही. ‘कंबर दुखते’ एवढेच सांगते. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग वा लैंगिक विकार आढळले, आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. अशा स्थितीत कंबर हा शब्द लज्जेचा पडदा होतो. तो न ओलांडता दिलेली वेदनाशामक गोळी खऱ्या रोगास हातही लावत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ९० टक्के कंबरदुखीत विशिष्ट शारीरिक कारण सापडत नाही. अशा दुखण्यास धीर, शेक, झेपेल तेवढी हालचाल आणि क्रमाने व्यायाम हाच मुख्य उपचार होय. पायात उतरणारी कळही बहुतेकांची काही आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून ओसरते. तरुण वयात पहाटेचा ताठरपणा हालचालीने कमी होत असेल, तर सांध्यांच्या दाहाचा विचार करावा लागतो. ताप व वजनातील घट असेल तर क्षयाचा, कुशीतून जांघेकडे जाणारी कळ असेल तर मुतखड्याचा. लघवीवरील ताबा जाणे, बैठकीची जागा बधिर होणे किंवा पायातील बळ घटत जाणे ही लक्षणे दिसल्यास मात्र विलंब न करता रुग्णालय गाठले पाहिजे.

या सर्व प्रकारांची विचारणा करण्यास लागणारे शब्द मराठीत आधीच आहेत. धरली की भरली, कळ उतरते की जागीच राहते, मुंग्या येतात की अंग बधिर होते, हे प्रश्न माहूरच्या कोणत्याही रोग्यास समजावून द्यावे लागत नाहीत. शास्त्रांनी काळानुसार कारणे बदलली. रोग्याच्या भाषेने लक्षणांचे भेद जपून ठेवले. ‘कंबर दुखते’ हे वाक्य म्हणजे निदान नव्हे, निदानाचा आरंभ होय. वैद्याने तेथे थांबून पुढचा प्रश्न त्याच भाषेत विचारला, तर यात्रेकरू, वेचणारी आणि मोळीवाला ही तीन माणसे त्या एका वाक्यातून पुन्हा वेगळी दिसू लागतील.