यमूची कहाणी आणि १८९१ सालचे पुणे

आम्ही चौघा सहाध्यायांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ची नवी प्रत घेतली असून ती पाळीपाळीने वाचत आहोत. माझे हे दुसरे वाचन. पहिल्या वेळी यमूच्या सक्तीच्या केशवपनापाशी अडखळलो होतो. या वेळी तारखांकडे लक्ष गेले.

हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ही कादंबरी त्यातून हप्त्याहप्त्याने दिली. हप्ते चालू असतानाच संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात रणे माजली होती. विवाहित असो वा नसो, मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ करावे, एवढीच मागणी! ‘केसरी’ विरोधात, आगरकरांचा ‘सुधारक’ बाजूने. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला.

आपण आज शेवटचे पान आधी उघडू शकतो. त्या वाचकांना मात्र यमूचे पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते, आणि विधेयकाचेही. वादात पुरुषांचेच आवाज मोठे होते. ‘करमणुकी’त यमू स्वतः बोलत होती. अर्थात पुरुषाच्या लेखणीतून, असे आमच्यातील एक मैत्रीण दर वेळी बजावते. प्रत सध्या तिच्याकडेच आहे.