काचेच्या घरातले पाणी

मासे पाळणे ही गोष्ट जुनी. मासे काचेतून पाहणे ही मात्र फार नवी. चीनमध्ये सुंग राजवटीपासून, म्हणजे सुमारे हजार वर्षांपासून, सोनेरी मासे हौसेने वाढवले जात. पण ते तळ्यात, नाहीतर मातीच्या मोठाल्या पात्रात. पाहणाराने काठावर वाकावे आणि वरून दिसतील तेवढ्या पाठी पाहून समाधान मानावे. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ आहे. परंतु तो विनोद गळ टाकून मासा धरण्याचा. मासा दिवाणखान्यात जिवंत ठेवायचा आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, हे वेड एकोणिसाव्या शतकाचे. मासा काचेत राहत नाही, पाण्यात राहतो, एवढी उघड गोष्ट ध्यानी यायला त्या वेडाला पंचवीस-तीस वर्षे लागली आणि अगणित माशांचे प्राण गेले.

आरंभ एका स्त्रीने केला. झान व्हिलप्रू-पॉवर ही फ्रेंच बाई सिसिली बेटावर मेसिना येथे राहत असे. आर्गोनॉट नावाचा एक आठ हातांचा जलचर पातळ, सुंदर शिंपल्यात बसून फिरतो. तो शिंपला तो स्वतः घडवतो की कुणाचा बळकावतो, याबद्दल पंडितांत वाद होता. मेलेला प्राणी चिरून हा वाद मिटणारा नव्हता. बाईंनी १८३२ साली काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यांत समुद्राचे पाणी भरून आर्गोनॉट ठेवले आणि पाहत बसल्या. शिंपला त्याचा स्वतःचाच, असा निकाल लागला.

दुसरी बाई लंडनची. वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी ॲना थिन हिने १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर काही जिवंत प्रवाळ पाहिले आणि ते घरी न्यायचे ठरवले. सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजाला टाचले आणि पाण्याच्या बरणीत घालून लंडनला आणले. समुद्र तर दूर. रोज नवे पाणी कोठून आणणार? तेव्हा तिची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी रोज अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. आपल्याकडे गरम दूध निववायला आई अशीच धार धरते. त्या धारेबरोबर हवा पाण्यात मिसळे आणि प्रवाळ जगत. आज टाकीत बुडबुडे सोडणारा लहानसा पंप करतो ते काम तेव्हा त्या मोलकरणीच्या मनगटांनी केले. तिचे नाव मात्र इतिहासाने टिपून ठेवलेले नाही.

यानंतर रसायनशास्त्र पुढे आले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने काचेच्या एका मोठ्या भांड्यात दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू सोडील, मासा तो घेईल. माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेईल, असा हिशेब. हिशेब बरा जमला, पण जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. मग त्याने पाच-सहा पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. हा प्रयोग त्याने १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडला. ‘समतोल पाण्या’ची कल्पना येथे जन्मली. पाणी एकदा भरावे, बदलू नये, आणि सृष्टीने आपला संसार आपणच सांभाळावा!

कल्पना मोहक होती, आणि वेळही नेमकी साधली. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, म्हणून काच स्वस्त झाली होती. रेल्वेने लोक समुद्रकिनारी जाऊ लागले होते. १८५३ साली लंडनच्या प्राणिबागेत ‘फिश हाउस’ उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक लिहून नव्या छंदाला नाव रूढ करून दिले. गंमत अशी, की लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता!

मग काय विचारता! घरोघर काचेच्या टाक्या आल्या. लोक पाटी आणि छिन्नी घेऊन खडकांवर तुटून पडले. पण किनाऱ्यावरून आणलेले जीव घरी फार दिवस टिकत ना. एक मेला, की पाणी नासे. पाणी नासले, की उरलेले मरत. प्राणिबागेतल्या टाक्यांनाही चोहोंकडून ऊन लागे. पाणी तापे आणि हिरवेगार होई. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली ‘फादर अँड सन’ या पुस्तकात वडिलांच्या आठवणी लिहिल्या. वडिलांच्याच पुस्तकांनी ओढून आणलेल्या लोकांनी ते किनारे कसे ओरबाडून ओसाड केले, याची खंत त्याने त्यात नोंदवली आहे.

कोडे सोडवले विल्यम आल्फर्ड लॉइड याने. हा पुस्तकबांधणीच्या कामातला माणूस. फिश हाउसच्या दर्शनाने झपाटून त्याने लंडनमध्ये जिवंत सागरी प्राण्यांचे दुकान घातले. १८६२ साली त्याचे दिवाळे वाजले. पण समुद्राचे पाणी अंधारात ठेवले की निवळते, ही गोष्ट त्याने हेरली होती. १८६४ साली हॅम्बुर्गच्या प्राणिबागेत आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने ती प्रत्यक्षात उतरवली. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांखाली त्याने जमिनीत मोठा हौद बांधला. वरच्या टाक्यांत मावेल त्याच्या कितीतरी पट पाणी त्या थंड, काळोख्या हौदात असे. पंप ते रात्रंदिवस वर चढवी आणि ते वाहत पुन्हा खाली येई. टाकीत पडताना पाण्याची धार हवा घेऊन पडे. वर काही नासले, तरी खालच्या अफाट पाण्यात ते विरून जाई. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ अशी आपली म्हण आहे. लॉइडने पोहऱ्याचा नाद सोडून आधी आड बांधला.

हे का साधते, याचे एक मोठे कारण १८९० च्या सुमारास उमगले. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की याने असे जंतू वेगळे काढून दाखवले, की जे अमोनियावरच जगतात. माशाच्या मलमूत्रातून विषारी अमोनिया होतो. एक जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. दगडांवर, वाळूवर, नळांच्या आत हे न दिसणारे गडी वस्ती करतात; वाहते, हवेशीर पाणी त्यांना मानवते. म्हणजे पाणपालट न करता पाणी जिवंत ठेवण्याचे श्रेय वॉरिंग्टनच्या पानांइतकेच या जंतूंचेही आहे.

आज घरच्या टाकीखाली कपाटात जी दुसरी टाकी ठेवतात, जिला शौकीन लोक ‘संप’ म्हणतात, ती लॉइडच्या हौदाची नात म्हणावी. फरक एवढाच, की आजोबांचा हौद अफाट होता आणि नात चिमुकली आहे. म्हणून तिच्या पाण्याच्या पातळीवर डोळा ठेवावा लागतो. वरच्या टाकीतले पाणी काठाच्या सांडीवरून खाली येते, त्यामुळे वरची पातळी हलत नाही. पाण्याची वाफ झाली, की घट दिसते ती खाली. घट फार झाली, तर पंप हवा ओढू लागतो. समुद्री टाकीत वाफ जाते ती निव्वळ पाण्याची, मीठ मागेच राहते. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारे घातले, तर खारेपणा वाढतच जातो. आणि वीज गेली, की वरचे पाणी सांडीच्या पातळीपर्यंत खाली उतरते. तेवढी जागा खाली मोकळी नसेल, तर दिवाणखान्यात समुद्र अवतरतो! पंप एकदा मुद्दाम बंद करून पाणी कोठवर चढते ते पाहावे आणि त्या बेताने चालू पंपाच्या पातळीची रेघ ओढून ठेवावी.

पाणी सामाईक झाले, तसे दुखणेही सामाईक झाले. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचे वर्णन फूके या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७६ साली केले. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘मल्टिफिलिस’ म्हणजे बहुपुत्र. तो माशाच्या अंगावर पोसतो, मग गळून तळाशी जातो आणि तेथे एकाचे शेकडो होऊन नवा मासा शोधत निघतात. समुद्री माशांतही त्याचा जोडीदार आहे. एक रोगी मासा आला, की एका पाण्यावरचे सारे घर धोक्यात.

म्हणून नव्या माशाचा गृहप्रवेश सावकाश करावा. मध्ययुगात व्हेनिसचे लोक परक्या जहाजांना चाळीस दिवस बाहेर थांबवत. ‘क्वारंटाइन’ हा शब्द त्या चाळिसातूनच आला. मासाही चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने सांभाळावा. पाणी बदलताना पिशवी प्रथम पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णता सारखी होते. मग नवे पाणी थोडे थोडे घालावे. दूरच्या प्रवासाने साचलेल्या पाण्यात मात्र फार रेंगाळू नये, कारण पिशवी उघडली की त्यातला अमोनिया अधिक जहाल होतो. शेवटी मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी मोरीत ओतावे. आणि एका वेळी एकदोनच मासे आणावेत. घरातल्या जंतूंचा कारभारही वाढत्या पंक्तीबरोबर हळूहळूच वाढतो. नवी सून आली, की आपण तिला उंबरठ्यावर माप ओलांडायला थांबवतो; त्या क्षणभराच्या थांबण्यात घर तिला ओळखते आणि ती घराला.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी तेथे काचेला नाक लावून मासे पाहिले. त्यांना दिसले ते रंग, पर आणि डोळे. काचेमागे पाणी राखणारे हात दिसले नाहीत, आणि तसे ते दिसतही नसतात. पाहुण्यांना दिवाळीची पणती दिसते; तिच्यात वेळेवर तेल घालणारे माणूस घरच्यांनीच ओळखायचे असते.