क्रिस्टिना कुबिश : शहरातली वीज ‘ऐकवणारी’ संगीतकार

एटीएम, ट्रामच्या तारा, दुकानाच्या दारातलं चोरी पकडणारं गेट. यांच्याभोवतीचं विद्युतचुंबकीय क्षेत्र आपल्याला ऐकू येत नाही. जर्मन संगीतकार आणि दृश्यकलाकार क्रिस्टिना कुबिश ते ऐकवतात.

1948 साली ब्रेमेनमध्ये जन्मलेल्या कुबिश चित्रकला, बासरी आणि इलेक्ट्रॉनिक संगीत शिकल्या. 1970च्या दशकातल्या ‘इमर्जन्सी सोलोज’मध्ये त्यांनी कधी बोटांत अंगुस्ताने घालून, तर कधी गॅस मास्क चढवून बासरी हाती घेतली. बासरी वाजवणाऱ्या बाईकडून गोड, देखणं काहीतरी हवं असणाऱ्यांना हा टोलाच होता.

त्यांची खरी ओळख मात्र हेडफोनची. या खास हेडफोनमध्ये तारेची वेटोळी असतात. आसपासचं चुंबकीय क्षेत्र बदललं की त्यांत सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि तोच आवाज बनून कानात येतो. (तत्त्व शाळेत शिकलेलं, फॅरडेचं!) 2004 पासून ‘इलेक्ट्रिकल वॉक्स’मध्ये लोक हे हेडफोन लावून, खुणा केलेला नकाशा घेऊन शहरात फिरतात. कुठे घरघर, कुठे चक्क ठेका. शांत वाटणारा कोपराही गोंगाटाचा निघू शकतो. ठरलेली रचना अशी नाहीच. नुसती मान वळवली तरी सूर बदलतो.