बारा रुपयांची खोली

गेल्या दिवाळीत बाबांनी विषय काढला. डोंबिवलीत वन बीएचके घेऊ आणि भाड्याने देऊ. मी लगेच मोबाईलवर शीट उघडली. किंमत ५० लाख, भाडं महिना १२ हजार. म्हणजे वर्षाला २.८८ टक्के, आणि कर्जाचं व्याज साडेआठ. इंटरनेटवरचे नियमही घातले : वर्षातला एक महिना घर रिकामं धरा, किमतीचा एक टक्का दुरुस्तीला ठेवा.

आजी फराळ करत ऐकत होती. म्हणाली, "अरे, आमच्या मालकानेही असाच हिशोब केला असेल की."

तिची लालबागची खोली म्हणजे दहा बाय बारा, भाडं १२ रुपये. चाळ बांधणारा माणूस गुंतवणूकदारच होता. छोट्या खोल्या, सामायिक संडास, एका मजल्यावर भरपूर भाडेकरू. गिरण्या चालू होत्या, खोल्या रिकाम्या राहत नव्हत्या. हिशोब चोख होता.

त्यात एक गोष्ट धरलेली नव्हती. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण आलं. मग १९४७ चा कायदा आला. त्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. कायदा तात्पुरता होता, पण मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षं चालला. भाडं गोठलं, सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी गोठली नाही. मालकाने दुरुस्ती थांबवली. आजीच्या चाळीचा जिना कुजला तेव्हा भाडेकरूंनीच वर्गणी काढून फळ्या ठोकल्या.

बुडालेलं भाडं मालकांनी पागडीतून वसूल केलं : खोली देताना एकरकमी, बिनपावतीची रक्कम. बिल्डर भाड्यासाठी बांधायचे थांबले आणि मालकीचे फ्लॅट विकू लागले. १९६३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाही झाला. जुन्या इमारती पडायला लागल्यावर १९६९ मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. मग १९७३ मध्ये सरकारने १ फेब्रुवारीला लिव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरू ठरवलं. त्यानंतर अनेकांनी घरं कुलूप लावून ठेवणंच पसंत केलं. मला तरी त्यांना दोष देता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं. त्यानंतरचा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंना वर्षाला चार टक्के वाढ. मी गणित केलं : कर-उपकर सोडून १२ रुपयांचे २५ वर्षांत ३२ होतात. पागडी घेणं कायदेशीर झालं. लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भरपाई. माझ्या वयाचे सगळे आज राहतात ते याच करारावर. अकरा महिने झाले की ब्रोकरचा फोन येतो.

हे सगळं सांगून मी म्हणालो, भाडेनियंत्रणाने शहराचं वाटोळं केलं.

आजीने चकली खाली ठेवली. "१८ जानेवारी १९८२. संप सुरू झाला. आजोबांची गिरणी परत उघडलीच नाही. मी डबे केले, तुझा बाप शाळेत होता. बारा रुपये होते म्हणून राहिलो. तुझ्यासारखा कोणी मालक असता तर अकराव्या महिन्यात गावाला गेलो असतो."

बाबा गप्प होते. त्यांचं कॉलेज, त्यांची नोकरी, माझी इंजिनिअरिंगची फी, सगळं त्या खोलीतूनच निघालेलं. आणि त्या खोलीचे पैसे शेवटी कोणीतरी भरलेच होते. मालकाने, काही अंशी पागडी देणाऱ्यांनी, आणि जी घरं बांधलीच गेली नाहीत त्यांची वाट बघणाऱ्यांनी.

मी शीटकडे परत वळलो. एक महिना रिकामा, दुरुस्तीचे ५० हजार वजा. उरले ८२ हजार, म्हणजे १.६४ टक्के. बाबा म्हणाले, "दुरुस्तीची ओळ काढून टाक, बरं दिसेल."

"काढू नको," आजी म्हणाली. "जिना कोण करणार?"

टोकन अजून दिलेलं नाही.