हमालाचा मालक कोण?

बाजार समितीच्या संचालक मंडळात साधारणपणे अठरा जागा असतात. अकरा सोसायट्यांच्या, चार ग्रामपंचायतींच्या, दोन अडते-व्यापाऱ्यांच्या आणि उरलेली एक हमाल-मापाऱ्यांची. निवडणुकीच्या दिवसांत यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, कुठेही जा, बोलणं चालतं ते पहिल्या पंधरा जागांचं. अठरावी कोणत्या पॅनलसोबत आहे, एवढंच कोणीतरी जाता जाता विचारतो. दसऱ्यानंतर सोयाबीनचे ट्रॅक्टर आणि टेम्पो यार्डात शिरू लागले, की मात्र त्या अठराव्या जागेच्या मतदारांवाचून कोणाचंच पान हलत नाही. गाडी खाली करायची, ढीग लावायचा, हर्रास झाला की माल भरायचा, काट्यावर चढवायचा, पोत्याचं तोंड शिवायचं आणि पुन्हा ट्रकमध्ये थप्पी मारायची. एकच माल किती वेळा उचलावा लागतो, याचा हिशेब हमालाच्या खांद्यालाच ठाऊक.

बाजाराला नियम लावण्याची रीत वऱ्हाडाला नवी नाही. कारंज्याचा कापूस बाजार १८८६चा, आणि वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला तो १८९७ साली. व्यापाऱ्याने काय कापावं, दलालाने काय घ्यावं, वजन कसं करावं, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे खल चालू आहे. पण जो माल उचलतो त्याचा मालक कोण, हा प्रश्न कितीतरी उशिरा आला. शेतकरी म्हणतो, मी हमालीचे पैसे पट्टीतून देतो, पण हा माझा नोकर नाही. अडत्या म्हणतो, मी फक्त मध्ये आहे. खरेदीदार म्हणतो, माझा गडी जिनिंगवर आहे. सकाळपासून दहा जणांचा माल उचलणाऱ्याला संध्याकाळी एकही मालक नसतो, आणि मालक नाही म्हटल्यावर भविष्यनिर्वाह निधी नाही, बोनस नाही, पाय मोडला तर भरपाईही नाही. कामगार कायद्यांची सगळी बांधणीच मुळी एका कारखान्याला एक मालक असतो, हे धरून झालेली.

या प्रश्नाला उत्तर शोधणारी संस्था पुण्यात उभी राहिली. १९५५ साली. डॉ. बाबा आढाव तेव्हा पंचविशीचे, नाना पेठेत त्यांचा दवाखाना. भुसार बाजार तेव्हा नाना-भवानी पेठांतच होता, त्यामुळे रुग्णांत हमाल असणारच. शंभर किलोचं पोतं रोज पाठीवर घेणाऱ्याला गोळी देऊन काय होणार? दुखणं पोत्यात होतं. हमाल पंचायत उभी राहिली ती या जाणिवेतून. दर व्यापाऱ्यांशी समोरासमोर बसून ठरवायचे, करार लिहून घ्यायचा, त्याची मुदत संपली की पुन्हा बसायचं, आणि बसूनही भागलं नाही तर काम थांबवायचं. संप लोकांच्या लक्षात राहतात. मला विचाराल तर पंचायतीचं खरं बळ तिच्या वह्यांत होतं: कोणत्या टोळीत कोण, कोणाकडे किती काम झालं, कोणाचे किती निघतात. लेखी नोंद नसलेल्या माणसासाठी भांडणं फार अवघड.

पुण्यात हे चालू होतं तेव्हा मुंबईतही गोदीबाहेरच्या बाजारांत माथाडींची संघटना उभी राहत होती. सातारा-पाटणकडून पोट भरायला आलेल्या या माणसांचे नेते अण्णासाहेब पाटील. या दोन्हींच्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. नाईकांची आठवण निघाली की आपल्याकडे हरितक्रांती, संकरित ज्वारी, कापूस एकाधिकार आणि रोजगार हमी यांवर भाषणं होतात. माथाडी कायद्याचं नाव यवतमाळात मी क्वचितच ऐकलं आहे.

कायद्याची युक्ती साधी आणि फार हुशारीची आहे. मालक सापडत नाही ना, मग मंडळच मधे उभं करायचं. हमालाची नोंद मंडळात, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळात. व्यापाऱ्याने हमाली हमालाच्या हातात न देता मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही द्यायची. टक्का मंडळागणिक वेगळा, साधारण तीस-चाळीसच्या घरात. मंडळ टोळीची मजुरी वाटतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा आणि दवापाण्याची सोय करतं. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार अशा तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी, त्यात मालक आणि कामगार सारखे. त्यामुळे दहा मालकांचा हमाल एका मंडळाचा झाला, आणि म्हातारपणी हातात काही रक्कम येईल असा दिवस त्याला दिसू लागला. पुढे १९७८ साली केरळने डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रानेही १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीची मंडळं उभी केली.

पंचायत कायद्यावर थांबली असती तर ती एक चांगली युनियन ठरली असती, त्याहून जास्त नाही. तिने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. बाहत्तरच्या दुष्काळानंतरचे दिवस, धान्य महाग. बाजारात काम करणाऱ्या कितीतरी जणांचं बिऱ्हाड गावाकडे, इथे राहणं एकट्याचं. हॉटेलात जेवायचं तर दिवसाची निम्मी कमाई जाणार, म्हणून चहा-भज्यांवर दुपार काढायची आणि पुन्हा पोत्याखाली जायचं. पंचायतीने स्वतःचा भटारखाना काढला. ज्वारी-बाजरीच्या भाकरी, झुणका, उसळ, डाळ-भात, किंमत ना नफा ना तोटा या हिशेबाने. भाकरी थापणाऱ्या कष्टकरी घरांतल्याच बाया. हे केंद्र हमालांपुरतं राहिलं नाही. रिक्षावाले आले, बांधकामावरचे मजूर आले, परगावाहून शिकायला आलेली आणि खिशात मोजकेच पैसे असलेली पोरंही आली. शहरात ठिकठिकाणी केंद्रं झाली. सरकारने झुणका-भाकर केंद्रांची योजना आणली ती पुढे वीस वर्षांनी, आणि तिची कशी वासलात लागली ते सगळ्यांना माहीत आहे. कष्टाची भाकर टिकली, कारण तिचं गिऱ्हाईकच तिचं मालक होतं. भाकरी कच्ची निघाली तर संध्याकाळच्या बैठकीत त्याचा जाब विचारायला तेच हजर!

याच मुशीतून पुढे रिक्षा पंचायत आली. १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातल्या बहुसंख्य बायका, बहुतेक दलित, उकिरड्यावरून भंगार वेचून पोट भरणाऱ्या. त्यांचं पहिलं मागणं पैशाचं नव्हतं, ओळखपत्राचं होतं. पोलिसाने चोर म्हणून हटकलं तर दाखवायला महापालिकेने मान्य केलेलं कार्ड हवं होतं. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम या बायकांनीच कराराने घेतलं.

ओझ्याची लढाई मात्र सगळ्यात लांबली. माणसाने किती वजन उचलावं यावर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच ठराव केला, प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोच्या मर्यादेची शिफारस केली. आपल्याकडे क्विंटलचं पोतं चालूच राहिलं. पंचायतीने पन्नास किलोची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. व्यापाऱ्यांचा युक्तिवाद असा, की पोती दुप्पट झाली तर बारदानाचा खर्च दुप्पट. मणक्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, ते त्या हिशेबात कुठेच दिसत नव्हतं.

आता यवतमाळकडे वळू. कायदा सगळ्या राज्याचा असला तरी तो लागू होतो योजनेने आणि मंडळाने, जिल्ह्या-जिल्ह्यात, कामा-कामात. पुण्या-मुंबईचा बाजार बारमाही आहे. आपला हंगामी आहे. सोयाबीन संपतं, कापूस जिनिंगवर जातो, तूर-हरभरा येतो, आणि मे महिन्यात यार्डात कुत्रं फिरकत नाही. आपल्याकडचा हमाल अनेकदा आसपासच्या गावातला भूमिहीन किंवा दोन-तीन एकरवाला असतो. हंगामात पाठीवर कट्टे, पेरणीला दुसऱ्याच्या वावरात, उन्हाळ्यात रोजगार हमीवर. अशा माणसाची बारा महिन्यांची नोंद ठेवायची कोणी? त्यात इलेक्ट्रॉनिक काटे आले. काट्यावर आकडा आपोआप उमटतो, मग तोलाई कशाची, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. पण तोलाई गेली तर मापाऱ्याचं पोट कशावर, हा प्रश्नही रास्तच. दोघेही एकाच गावातून आलेले असतात, म्हणून हे भांडण व्यापाऱ्याला सोयीचं पडतं.

माथाडीच्या नावाने गैरप्रकार होत नाहीत असं कोणी म्हणू नये. औद्योगिक वसाहतींत काम न करता वसुली करणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी उद्योजक करतात आणि त्यांतल्या काही खऱ्या आहेत. हेच कारण सांगून २०२३ साली सरकारने कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. खंडणीखोराला आवरायचं तर पोलीस आहेत, त्यासाठी कायद्याचं संरक्षण कशाला सैल करता, असं म्हणत संघटना विरोधात उतरल्या. नव्वदी ओलांडलेले बाबा आढाव त्यांत पुढे होते. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, ते गेले.

संघटनांची आणखी एक जुनी तक्रार आहे, आणि विधेयकापेक्षा मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. अनेक मंडळांवर कामगारांचे आणि मालकांचे प्रतिनिधी वर्षानुवर्षं नेमलेच जात नाहीत. तीन बाजूंचं मंडळ एका अधिकाऱ्याच्या टेबलावर चालतं. लेव्ही जमा होत राहते, आणि तिचं काय करायचं ते तो एकटा ठरवतो.