रशियन मावा आणि गव्हाची दोन पाने

मावा म्हणजे पानांतला रस शोषणारी कीड. गव्हावर तिच्या अनेक जाती येतात, पण ‘रशियन गहू मावा’ त्यांतला सर्वांत बेरकी. दक्षिण आफ्रिकेत तो १९७८ साली आढळला, अमेरिकेत १९८६ साली.

तो नुसता रस पिऊन थांबत नाही. बळी पडणाऱ्या वाणात त्याच्या लाळेमुळे पानातले हरितद्रव्य घटते आणि पांढरे-पिवळे, थंडीत जांभळट, लांब पट्टे उमटतात. नवे पान उलगडतच नाही, त्याची सुरळी होते. खरी मेख इथेच आहे. सुरळीत बसलेल्या माव्यापर्यंत ना फवारणी नीट पोहोचते, ना त्याला खाणारा ढालकिडा. ओंबीखालचे पान वळले, तर ओंबी त्यात अडकून वाकडी होते आणि दाणे भरत नाहीत.

प्रतिकारक वाणावरही मावा बसतो, सोंड खुपसतो. मात्र तिथल्या पेशी हल्ला ओळखून बचावाची प्रथिने बनवू लागतात. पान सपाट राहते, मावा उघड्यावर पडतो. काही वाणांवर त्याची पिल्लेही कमी होतात.

कोलोराडोत १९९४ मध्ये ‘डीएन४’ जनुक असलेला ‘हॉल्ट’ हा वाण आला. २००३ मध्ये तिथेच त्यालाही न जुमानणारा माव्याचा नवा प्रकार सापडला. राय या धान्यातून गव्हात आणलेले ‘डीएन७’ त्याच्यापुढे टिकते. पण रायच्या त्या तुकड्यामुळे पिठाची कणीक चिकट होते, आणि पाव भाजणाऱ्यांना ती नको असते.